नर्सबाईंची सायकल

युनूस, परवा मी पळसटोल्याला जाऊन आलो.

हे वाक्य मी तुला याआधी एकदा ऐकवलं आहे. चार वर्षांपूर्वी, तुझ्या दुकानाच्या बाकावर बसून, तुझ्याच पैशाचा चहा पीत. तेव्हा ते खोटं होतं. मी पळसटोल्याला गेलोच नव्हतो. ब्रह्मपुरीला साळ्याच्या घरी कूलरसमोर दोन दिवस झोपून परत आलो होतो. परवा मात्र खरंच गेलो, आणि आता ते सांगायला तू नाहीस. तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले.

गावातले लोक म्हणतात, मास्तर, तुमचा दोस्त होता, चार ओळी लिहा, पेपरात देऊ. लिहायला बसलोही होतो. वरोऱ्यात पन्नासेक वर्षं सायकलींचं दुकान, मनमिळाऊ स्वभाव, हसतमुख व्यक्तिमत्त्व. हसतमुख लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. गिऱ्हाईक दुकानात आलं की तुझ्या कपाळाला पहिली आठी पडायची. तो कागद फाडून टाकला. तुझ्याबद्दल गावाला जे माहीत आहे ते गावाला सांगून काय उपयोग? जे कुणालाच माहीत नाही ते तुलाच सांगतो. पण ते तुला माहीत होतं, हेही मला आता कळलं आहे, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

ती सायकल तुझ्या दुकानात आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मी नुकताच शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो आणि शाळा सुटली की घरी जायच्या आधी तुझ्या बाकावर टेकायचो. एक बाई आली. पंचविशीची असेल. हातात वाकड्या दांडीची लेडीज सायकल, विलायती, काळी. तसली सायकल मी तोवर पाहिली नव्हती. कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीण देश सोडून जाताना तिला देऊन गेली होती. बाई वरोऱ्याजवळच्या जंगलातल्या उपकेंद्रावर नर्स होती आणि याच सायकलवरून गावोगाव बाळंतपणं करत फिरायची. चेनकव्हरवर कुणा पेंटरनं पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, कु. विमल.

तू विचारलंस, काय बिघडलं. ती म्हणाली, काही नाही. तिनं एवढंच सांगितलं की लग्न ठरलंय, आरमोरीच्या पलीकडे पळसटोल्याला. तू उगाच खाली बसलास, मागचं चाक फिरवून पाहिलंस आणि म्हणालास की ब्रेक ढिला आहे, करून ठेवतो. ब्रेक अजिबात ढिला नव्हता. तुला आणि मला दोघांनाही ते दिसत होतं. तिच्या तोंडावर मात्र जरा बरं वाटल्यासारखं झालं.

जाताना ती म्हणाली, “तुमच्यापाशी ठेवा, मिस्तरी. मी येईन तवा द्या. दुसऱ्या कोणाले देऊ नका.”

तू ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा कापलास, त्यावर माझ्याकडून नाव-गाव लिहून घेतलंस, कारण तुझं अक्षर तुलाच वाचता यायचं नाही, आणि तांब्याच्या तारेनं तो हँडलला बांधलास. मग सायकल उचलून पत्र्याखालच्या आडव्या पाइपाला टांगलीस. लोक वर्ष-वर्ष सायकली विसरून जायचे, तुझ्याकडे तशा चार-सहा कायम असायच्या, आणि कधी ना कधी त्यांचे मालक उगवायचे. ही एकच राहिली.

दसऱ्याला सगळं गाव गाड्या धुऊन हार घालतं. तुझ्या पंपाला आणि पान्यांना हार मी घालायचो. नारळ मी फोडायचो आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तू उचलायचास. मग ती सायकल खाली उतरवायची. तू चाकांत हवा भरायचास, चाकांच्या आणि पेडलच्या छर्ऱ्यांना तेल सोडायचास, घंटी उघडून पुसायचास आणि हँडल धरून पायी निघायचास. स्टेशनच्या चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. कधी बसला नाहीस. गुडघे दुखायला लागले तेव्हाही लंगडत तिच्या शेजारून चालायचास. मी म्हणायचो, नर्सबाईला फिरायला नेऊन राह्यला काय रे. तुला ती थट्टा आवडायची नाही.

“छर्रे जाम होते नाई तं,” तू म्हणायचास. “बाई आली अन् सायकल चालली नाई, तं मी काय सांगू तिले?”

एका दसऱ्याला माझ्या अंगात आलं. तू हवा भरून पंप ठेवायला वळलास आणि मी टांग मारून निघालो, चौकापर्यंत, घंटी वाजवत. काय गोड घंटी होती ती. पोरं बघायला लागली, मी अजूनच वाजवायला लागलो. परत आलो तर तू रस्त्यात उभा होतास. माझ्या हातातून हँडल घेतलंस, खांद्यावरच्या फडक्यानं सीट पुसलीस आणि एवढंच म्हणालास, “मास्तर, परायी हाय.” पुढचे चार दिवस मला चहा विचारला नाहीस. मी घरी जाऊन बायकोला, मंदाला, सांगितलं की युनूसचं डोकं फिरलंय. कुणाच्या सायकलवर दोन मिनिटं बसलो म्हणून एवढा राग? मला तेव्हा कळलं नाही, आणि मी ज्या पोरांना शिकवत होतो त्यांना मात्र रोज दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये म्हणून सांगत होतो.

तुझे उपकारही लिहायला हवेत, नाहीतर हे पुन्हा माझंच रडगाणं होईल. मी निवृत्त झालो त्या वर्षी मला घरात बसवेना आणि बाहेर कुणी विचारेना. मंदाला मी दिवसभर सूचना द्यायचो, भाजी कशी चिरावी इथपासून. तिनंच तुला सांगितलं असणार. तू एक दिवस घरी आलास, हातात जुनी गंजलेली फ्रेम घेऊन, आणि म्हणालास, हिला घासून देतो, पट्ट्या तू मार. दांडीवर सोनेरी बारीक पट्टी ओढायची, तीही फूटपट्टी न लावता, नुसत्या मनगटावर. चाळीस वर्षं मुलांकडून आंबे आणि घडे काढून घेतलेल्या माझ्या हाताला ते काम जमलं आणि मी पुन्हा माणसात आलो. तीन वर्षांत आपण अकरा जुन्या सायकली उभ्या केल्या. तू चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचास, मी बोटभर ब्रश घेऊन श्वास रोखून बसायचो. आपलं भांडण ठरलेलं. मला सगळं चकचकीत लागायचं आणि तू म्हणायचास, “म्हाताऱ्या मालाले नवरी बनवून नको ठेवू, मास्तर. वय दिसू दे थोडंसं.” हे भांडण मिटायचं राहिलं. आता माझंच खरं म्हणायला मोकळा आहे मी, पण हल्ली तुझं पटायला लागलं आहे.

फोटो काढून मोबाइलवर टाकायचं काम माझं. जुन्या सायकलींचे शौकीन लोक देशभर आहेत, त्यांचा एक ग्रुप आहे. आपल्या सायकली विकल्या जायच्या, लोक वाहवा करायचे, मला सर म्हणायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कुणी सर म्हणत होतं. मी चढलो, युनूस. एके दिवशी सहज वर मान केली, तर पाइपाला ती टांगलेली. मी तिचा फोटो काढून टाकला, तुला न विचारता. त्यावर जी झुंबड उडाली ती विचारू नकोस. पुण्याचा एक हॉटेलवाला म्हणाला, अशी लेडीज सायकल मी दहा वर्षं शोधतोय, बोला सर. आणि सर बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला विचारायच्या आधी मी त्याला शब्द देऊन बसलो.

तू ऐकून घेतलंस आणि मान हलवलीस. मालकिणीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणालास. मी म्हटलं, अरे इतकी वर्षं झाली, ती बाई आहे की नाही कुणाला ठाऊक. तू म्हणालास, “मंग विचारून ये ना. पत्ता तं हाय.” मी म्हटलं, जातो. आणि निघालोही होतो, हे तेवढं माझ्या बाजूनं लिहू दे. उन्हाळ्याचे दिवस होते. चिमूर, नागभीड करत ब्रह्मपुरीला उतरलो, आरमोरीची गाडी दोन तासांनी होती, म्हणून साळ्याकडे पाणी प्यायला गेलो. जावई माणूस घरी आला की आपल्याकडे त्याला उठू कोण देतं? आमरस झाला, पुरणपोळी झाली, कूलरमध्ये गार पाणी ओतलं गेलं. दुसऱ्या दिवशी साळा म्हणाला, आतल्या रस्त्याला वाघ बसतो म्हणतात, कशाला जाता भाऊजी. वाघाचं निमित्त मला पुरलं. खरं सांगायचं तर मला वाघाची भीती नव्हती. ती बाई जिवंत निघाली आणि नाही म्हणाली तर काय, ही भीती होती. हॉटेलवाल्याला काय तोंड दाखवणार होतो?

तुला येऊन सांगितलं की तिथे कुणी उरलं नाही. घराला कुलूप आहे. तू विचारलंस, कुणाला विचारलं. मी म्हटलं, शेजारच्या म्हातारीला. खोटं एकदा सुटलं की त्याला हातपाय फुटतात. मी त्या म्हातारीला एका डोळ्यानं आंधळी केली, तिच्या दारात दोन शेळ्या बांधल्या आणि तिच्या तोंडून वदवून घेतलं की मेल्या माणसाच्या वस्तूचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तू डोळे मिटून काहीतरी पुटपुटलास. त्या बाईसाठी दुवा मागितलीस. जिवंत बाईसाठी, माझ्यासमोर, आणि मी टोपी काढून मान खाली घालून बसलो होतो.

मग तू ती सायकल उभी केलीस. तसं काम तू आधीच्या अकरांत केलं नव्हतंस. प्रत्येक छर्रा रॉकेलमध्ये धुतलास, प्रत्येक आरा पुसून पुन्हा बसवलास. मी पट्ट्या ओढल्या. चेनकव्हरवरचं नाव राहिलं होतं. हॉटेलवाल्याला नाव नको होतं, विलायती वस्तूवर देवनागरी कशाला, म्हणाला. मी रंग घासायचा पाणीपेपर घेऊन बसलो. तू माझा हात धरलास.

“नाव राहू दे. कोणी आलंच तं वळखन कशी?”

“कोण येणार आहे?” मी म्हटलं. “घराला कुलूप आहे ना.”

तू हात सोडलास आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठलास. नमाजाला अजून वेळ होता. मी कु. विमल घासून टाकलं. पांढरा रंग पाण्यात उतरून माझ्या बोटांवर आला. वर काळा रंग दिला, त्यावर सोनेरी पट्टी मारली. आजवर मी ओढलेल्या पट्ट्यांत ती सगळ्यात सरळ आहे. गाडी आली आणि सायकल गेली. तू तुझा वाटा स्वतःला ठेवला नाहीस, त्या पैशांतून बाईच्या नावानं सरकारी दवाखान्याच्या दारात पाण्याची टाकी बसवलीस. मी चार वर्षं त्या रस्त्यानं जायचं टाळलं.

आणि मग तुझा उमरा. गेल्या वर्षी तुझ्या पोरीनं तुला आणि भाभींना मक्केला पाठवायचं ठरवलं. जायच्या आधी तुमच्यात सगळ्यांची माफी मागतात, कुणाचं काही मनात राहू नये म्हणून. तू घरोघर फिरलास. ज्याच्याशी वीस वर्षं बोलत नव्हतास त्या पेट्रोल पंपवाल्याच्या दारातही जाऊन आलास. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आलास. मंदानं पोहे केले होते. खाऊन झाल्यावर तू हात धुतलेस, टोपी सारखी केलीस आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिलास. पन्नास वर्षांत तू माझ्यापुढे हात जोडले नव्हतेस.

“कहा-सुना माफ कर, मास्तर. माह्याकडून काई चुकलं असन तं मनात ठेवू नको.”

मी म्हटलं, माफ केलं.

तू उभाच राहिलास. मला वाटलं गुडघे दुखतायत. मी म्हटलं, बस ना. तू बसला नाहीस, माझ्याकडे पाहत राहिलास आणि मग म्हणालास, “तुह्याही मनात काई असन तं सांगून टाक. मी दूर जाऊन राह्यलो.” मी हसून म्हणालो, माझ्या मनात काय असणार, जा, माझ्यासाठी खजूर आण. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं त्या वेळी, तरी मी डोळे मिटून घेतले. तू परत आल्यावर सांगू, असं मनाला सांगितलं. तू परत आलास, खजूर आणलेस, जमजमचं पाणी आणलंस. मंदानं ती बाटली देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवली. खजूर मी खाल्ले. सांगितलं नाहीच. बऱ्याचदा वाटलं, आज सांगू. दुकानात गिऱ्हाईक असायचं, नाहीतर तू खोकत असायचास, नाहीतर चहा यायचा. माणसाला सांगायचं नसलं की चहासुद्धा पुरतो.

कब्रस्तानात मी तीन मुठी माती टाकली.

बाराव्या दिवशी सकीना भाभींनी बोलावणं पाठवलं. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने बाहेर येत नाहीत, दाराच्या पडद्याआड बसून बोलल्या. तुझ्या पोरीनं माझ्या हातात फडक्याची पुरचुंडी दिली. तेच तुझं खांद्यावरचं फडकं. उघडलं तर आत ती घंटी आणि तांब्याच्या तारेत ओवलेला तो पुठ्ठा, माझ्या अक्षरातला. पुण्याला गेलेल्या सायकलवर तू दुसरी जुनी घंटी बसवली होतीस. मी एवढा जाणकार, मला फरक कळला नाही.

भाभी म्हणाल्या, “ते म्हणाले होते, मी गेलो का हे मास्तरले दे. आता जाईन तो.”

मी विचारलं, आता म्हणजे?

मग त्यांनी सांगितलं. सायकल विकल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी माझा साळा इथे लग्नाला आला होता. दुकानावर बसला, सहज म्हणाला की भाऊजी उन्हाळ्यात आले होते, मस्त झोपले दोन दिवस, आरमोरीकडे जायचं म्हणत होते पण आम्ही जाऊ दिलं नाही, तिथूनच परतीच्या बसमध्ये बसवलं. तू त्याला चहा पाजलास आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आलास. भाभींनी कारण विचारलं तर म्हणालास, डोकं दुखतं. रात्री जेवताना सगळं सांगितलंस. त्या म्हणाल्या, मग जाऊन भांडा ना त्याच्याशी. तू म्हणालास, सांगन तोच.

साडेतीन वर्षं वाट पाहिलीस तू. माझ्यासमोर बसून, माझ्या पट्ट्यांना नावं ठेवत. हात जोडून उभा राहिलास तेव्हाही तू वाटच पाहत होतास. स्वतः पळसटोल्याला का गेला नाहीस, हे मी आधी स्वतःला विचारलं, मग भाभींना. त्या म्हणाल्या, ते म्हणायचे, रिकाम्या हातानं काय सांगू तिला, आणि मास्तरचं नाव कसं घेऊ.

म्हणून परवा गेलो. ब्रह्मपुरीला उतरलो नाही. आरमोरीला उतरून ऑटो केला. पळसटोल्यात पानठेल्यावर विचारलं, इथे कुणी विमलबाई, पूर्वी नर्स होत्या. पोरगं चुना लावता लावता म्हणालं, नर्सबाई ना, ते काय लाल कवेलूच्या छपराचं घर, अंगणात मोहा वाळत टाकला हाय. एवढंच होतं ते. एका वाक्याचं काम.

त्या मोहाच्या फुलांतून काड्या वेचत बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील, कान जरा कमी. मी म्हटलं, वरोऱ्याहून आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे ऑटोकडे पाहिलं.

“सायकल आणली काय?”

मला बसायला सांगायच्या आधी त्यांनी हे विचारलं. मी पुरचुंडी पुढे केली. त्यांनी घंटी हातात घेतली, लुगड्याच्या पदरानं पुसली आणि अंगठ्यानं एकदा वाजवली. दारातली कोंबडी पळाली. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तुला सांगायला हवं होतं त्या क्रमानं. ब्रह्मपुरीचा कूलर सांगितला, एकडोळी म्हातारी सांगितली, नाव घासलं तेही सांगितलं. सायकल आता पुण्याच्या हॉटेलात भिंतीवर ठोकून टांगली आहे, मी फोन केला होता, तो देत नाही म्हणाला, पुन्हा विचारीन, हेही सांगितलं. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. पाणी दिलं.

मग त्या आपलं सांगू लागल्या, माझ्यावर रागावून नव्हे, कुणीतरी विचारलं असावं तशा. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी सांगितलं होतं, आमची सून सायकलवर फिरणार नाही, नोकरी सोडायची. त्या हो म्हणाल्या. सायकल विकून टाक म्हणाले, तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही. बिघडली आहे, दुरुस्तीला टाकली आहे, असं सांगितलं.

“नवरा वाईट नव्हता,” त्या म्हणाल्या. “पण सासू लई बोले. दोन डाव तं मी रागानं निघून आरमोरीच्या रस्त्याले लागली होती. मंग वाटे, सायकल हाय ना आपली तिथी. मिस्तरी कोणाले देणार नाई. आज नाई तं उद्या जाऊ. अन् पाय मांघारी वळे. असं उद्या-उद्या करत सारे दिवस निघाले, भाऊ. बरे निघाले. आता नातवंडं हायेत.”

मी विचारलं, एकदा तरी न्यायला यावंसं वाटलं नाही? त्या म्हणाल्या, नेली असती तर तिथे राहिली कुठून असती.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही आलेच नव्हते हे मिस्तरीला माहीत होतं काय. मी म्हटलं, होतं. मग मिस्तरीनं तुम्हाला काही म्हटलं नाही? मी म्हटलं, नाही. त्या पुन्हा काड्या वेचायला लागल्या. मी उठलो, हात जोडले आणि म्हटलं, बाई, मला माफ करा. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला, आणि तोही ज्याला म्हणायला हवा होता त्याला सोडून.

त्यांनी माफ केलं म्हटलं नाही. नाही केलं असंही म्हटलं नाही. तो पुठ्ठा त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला, बहुधा त्यावर त्यांचं जुनं नाव होतं म्हणून. घंटी फडक्यात पुन्हा बांधली आणि माझ्या हातात ठेवली.

“हे तुमच्यापाशी ठेवा, मास्तर. मी येईन तवा द्या. दुसऱ्या कोणाले देऊ नका.”

युनूस, मी घाबरलो. परत देऊन टाकावी असं वाटलं. मी कसा माणूस आहे हे त्यांना मी नुकतंच पाऊण तास सांगितलं होतं, आणि तरी त्यांनी माझ्या हातात घंटी दिली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो. खड्ड्यात गाडी आदळली की ती फडक्यातून बारीक वाजायची आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघायचा.

घरी आल्यावर मंदाला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, आता तरी नीट ठेवा. बैठकीत छताला पाळण्याची जुनी कडी आहे, तिला तांब्याची तार ओवून घंटी टांगली आहे. नवा पुठ्ठा कापला, नाव-गाव लिहिलं. अक्षर पहिल्यासारखं आलं नाही. हात जोडून तू माझ्यासमोर उभा होतास ती जागा या कडीच्या बरोबर खाली येते. मी रोज तिथे थोडा वेळ उभा राहतो. तुला जे सांगायचं होतं ते सांगतो, पण समोरून “माफ केलं” म्हणणारं कुणी नाही. म्हणालाही असतास तू, लगेच, माझ्यासारखंच, पण तुझं खरं असतं.

येत्या दसऱ्याला घंटी उतरवीन. तुझ्यासारखी उघडून पुसीन, आत तेलाचा थेंब सोडीन आणि हातात धरून स्टेशनच्या चौकापर्यंत पायी नेऊन आणीन. वाजवणार नाही. परायी आहे.